लाल खुणेपासून खाली

पाणी वर्षातून दोनदा मोजायचे असे: पावसाळा उलटल्यावर एकदा आणि उन्हाळा सरत आला की एकदा. आदल्या संध्याकाळपासून पंप बंद ठेवायचा. पोलादी फितीच्या टोकाकडच्या दोन मीटरांना कोरडा खडू फासायचा, फीत विहिरीत सोडायची, कठड्यावरच्या लाल खुणेपाशी पुरा आकडा धरायचा, मग फीत वर ओढून खडू जेवढा भिजला असेल तेवढे त्यातून वजा करायचे. उरते ते खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर. ही विद्या भूजल कार्यालयाने गवंड्याच्या सुनेला तीन दिवसांत शिकवली होती, आणि तिसऱ्या दिवशी एक वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतले होते: मोजमाप लाल खुणेपासूनच. खूण म्हणजे काय आणि ती तिथेच का, हे शिकवायला चौथा दिवस लागला असता. चौथ्या दिवसाच्या जेवणाची तरतूद नव्हती.

विहीर गवंड्याच्या स्वतःच्या मळ्यात होती. गवंडी सत्तरीचा, गुडघे गेले होते, नजर जात चालली होती, हात मात्र शाबूत होते. मुलगा त्या विहिरीवर भाजीपाल्याची रोपे वाढवून विकत असे. हिरव्या जाळीखाली चारशे ट्रे, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. मोठे झाड चार दिवस दम धरते. बोटभर रोप एका दुपारीत मान टाकते. घरातल्या तिघांचे पोट त्या दोन वेळच्या पाण्यावर होते, आणि ते पाणी या एका विहिरीचे होते.

तीन वर्षांपूर्वी कार्यालयाने गावाचे नाव लाल यादीत घातले. जमिनीखाली मुरते त्याहून जास्त उपसले जाते, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरे होते. नवा बोअर बंद, उन्हाळी पीक बंद, आणि घरटी एका माणसाने आठवड्यातला एक दिवस तलावाचा गाळ उपसायचा. गाव कुरकुरले, पण उपसत राहिले. ओढ्यावर सात ठिकाणी दगडांचे बांध घातले. गवंड्याच्या घरची पाळी बहुतेक वेळा म्हाताऱ्यावरच येई, कारण मुलाला रोपे सोडून हलता येत नसे. तीन वर्षांत निरीक्षण विहिरीचे पाणी अर्धा मीटर वर आले तर गाव हिरव्या यादीत जाणार होते आणि बंदी उठणार होती. निरीक्षण विहीर सगळ्या गावात एकच होती, गवंड्याची. एका माणसाची नाडी धरून सगळ्या आळीला औषध सांगणारा वैद्य लोकांनी हाकलून दिला असता. कार्यालयाला त्याच पद्धतीबद्दल पारितोषिक मिळाले होते.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी सुनेने फीत वर ओढली, भिजलेल्या खडूवर अंगठा ठेवला आणि वजाबाकी केली.

"दहा बासष्ट," ती म्हणाली.

पाणी समितीचा अध्यक्ष शेजारीच उभा होता. बाजारात त्याचे प्लास्टिकच्या पाइपांचे दुकान. गावात तो पाइपवाले या नावानेच ओळखला जाई. "किती म्हणालात?"

"दहा बासष्ट."

"आणि तीन वर्षांमागं?"

"अकरा चाळीस."

पाइपवाल्याने बोटांच्या पेरांवर हिशेब केला आणि तो दोनदा चुकला. "अठ्ठ्याहत्तर. अहो, अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर वर. मोजणीबाई, पुन्हा एकदा सोडा फीत."

तिने पुन्हा खडू फासला, पुन्हा फीत सोडली. तीन वेळा सोडली. तिन्ही वेळा दहा बासष्ट. विहिरीवरच्या लोखंडी जाळीला धरून गवंडी उभा होता. त्याला आकडे दिसत नव्हते.

"आलं का वर?" त्याने विचारले.

"आलं, मामंजी. खूप आलं."

त्याने हात सदऱ्याला पुसले. गाळाची घमेली वाहून त्याच्या उजव्या खांद्याला घट्टा पडला होता. तो त्याने एकदा चोळला आणि पाइपवाल्याने पुढे केलेला हात हातात घेतला.

आदेश आठवड्याच्या आत आला. सभागृहात तो मोठ्याने वाचला गेला. गाव हिरव्या यादीत. कार्यालयातून आलेल्या साहेबांनी लोकसहभाग हा शब्द एकवीस वेळा उच्चारला, आणि गवंड्याला उभे राहायला सांगितले. गवंडी उभा राहिला. बसायला कुणी सांगेना म्हणून तो बराच वेळ उभाच राहिला.

आठ दिवसांनी पंप पाणी ओढीनासा झाला. पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला असलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये मुळे अडकली असणार, हे दर उन्हाळ्याचे होते. नवरा कमरेला दोर बांधून लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरला आणि सून वर दोर धरून बसली. या विहिरीत वरचे चिरेबंदी बांधकाम जिथे संपते आणि कातळ सुरू होतो, तिथे टीचभर रुंदीची कडा आहे. तिच्यावर बसून, पाय पाण्यात सोडून तो दर वर्षी व्हॉल्व्ह साफ करी.

"जपून हं," तिने वरून हाक दिली. "कडा बुडाली असेल आता."

"कुठं बुडालीय? कडेवरच बसलोय मी."

"थट्टा पुरे करा."

"थट्टा कसली त्यात. बसलोय चांगला. खाली चांगलं गार आहे, येतेस का?"

तिने दोर मुठीत आवळला. "पाय कुठवर बुडालेत?"

"घोट्याच्या वर चार बोटं."

"आणि मागं? लाल यादीत गेलो त्या वर्षी?"

"घोटा बुडायचा नुसता. चार बोटं वाढलंय की. तीन वर्षं बाबांनी घमेली वाहिली, त्याची चार बोटं झाली. कमी आहेत का?" तो हसला. विहिरीने ते हसू मोठे करून वर पाठवले.

तो वर आल्यावर तिने दोर गुंडाळून ठेवला आणि गोठ्यामागे गेली. तिथे दगड रचून ठेवलेले होते. हिवाळ्यात कार्यालयाने चिठ्ठी पाठवली होती की निरीक्षण विहिरीचा कठडा धोकादायक आहे, तातडीने दुरुस्त करावा. ते खरेच होते. वरचे दोन थर हलत होते. म्हाताऱ्याने ते दोन्ही थर उतरवले, तिसऱ्या थराची पाठ तासून त्यावर तेवढ्याच जाडीची काँक्रीटची पट्टी ओतली, वर जाळी बसवली. मग पाणसळ लावून, जुनी खूण जिथे होती तिच्या बरोब्बर खाली, नव्या कठड्यावर त्याने लाल खूण दिली. तिची रेघ इतकी स्वच्छ होती की कार्यालयाच्या शिपायाने तिचा फोटो काढून नेला. रंगाचा डबा सुनेनेच धरला होता.

तिने फीत आणली आणि दगडांवर लावली. एक थर छत्तीस. दुसरा थर छत्तीस. मग तिथेच दगडांवर बसून तिने अठ्ठ्याहत्तरातून बहात्तर वजा केले. उत्तर सहा सेंटीमीटर आले. म्हणजे चार बोटे.

म्हातारा ओसरीत थापीच्या मुठीला दोरी गुंडाळत बसला होता. काम बंद होऊन वर्षे झाली तरी हत्यारे तो अशी ठेवी की उद्या कुणी बोलावले तर निघता यावे.

"मामंजी, कठडा किती उतरवला आपण?"

"दोन थर."

"मग खूण किती उतरली?"

"खूण कशाला उतरेल? खूण कठड्यावर..." त्याचे बोट दोरीतच थांबले. पन्नास वर्षांत त्याच्या हातची भिंत सुताभरही ओळंब्याबाहेर गेली नव्हती, असे गाव सांगे. त्याने दोरी सोडवली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा सोडवली. "म्हणजे पाणी वर आलं नाही," तो म्हणाला. "मीच खाली आणली तिला."

"डबा मी धरला होता."

"डबा धरणाऱ्याला कोण विचारतं, पोरी."

नवरा दारात येऊन उभा होता. त्याचे केस अजून ओले होते. "कुणाला बोललीस का?"

"नाही."

"मग बोलू नकोस."

"अहो, बंदी उठलीय. सगळीकडे बोअर पडतील. आधीच चार बोटं..."

"पडू देत. तू तोंड उघडलंस तर आपले दात पडतील. गावानं तीन वर्षं कळ काढलीय. त्यांच्या आनंदात माती कालवायला आपणच सापडलो का?"

"आपली रोपं कशावर जगवणार मग?"

तो चिडला आणि ट्रे भरायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सासरा आणि सून पाइपवाल्याच्या दुकानात गेले. दुकानाबाहेर बोअरला लागणारे निळे पाइप नव्याने रचले होते, माणसाच्या उंचीच्या वर. जलसंवर्धन समितीचा अध्यक्ष बोअरचे पाइप विकतो यात गावात कुणाला काही खटकत नसे. उलट त्याला विषयाची माहिती आहे असे मानले जाई.

पाइपवाल्याने त्यांना स्टुलावर बसवले, चहा मागवला, सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले. तो मूर्ख नव्हता. त्याला ते पहिल्या दोन वाक्यांतच कळले होते.

"मिस्त्री, बाहेर जाऊन विचारा," तो हळू आवाजात म्हणाला. "या माणसांनी तीन उन्हाळे रान कोरडं ठेवलंय. पाठी मोडून गाळ काढलाय. त्यांना आता सांगू की बाबांनो, चार बोटं? पुन्हा कुणी घमेल्याला हात लावेल का?"

"खोटं सांगितल्यावर लावतील?" सुनेने विचारले.

"खोटं कोण सांगतंय, ताई? आकडा तुम्हीच वाचलात. तीनदा वाचलात. मी तर साधं गणित केलं, तेही दोनदा चुकलो." तो हसला. "चहा घ्या, गार होतोय."

म्हाताऱ्याने चहाला हात लावला नाही. तो म्हणाला, "लावलेली रेघ चुकली तर भिंत पाडतात."

"भिंत पाडतात. गाव पाडत नाहीत, मिस्त्री."

कार्यालय दोन बस बदलून होते. सून एकटी गेली. सोबत तिने कागदावर काढलेली विहीर नेली होती: जुना कठडा, नवा कठडा, दोन्ही खुणा, मध्ये बहात्तर. बाकावर ती अकरा वाजल्यापासून बसली. समोरच्या भिंतीवर नव्या वार्षिक अहवालाचे मुखपृष्ठ मोठे करून लावले होते. त्यावर तिचा सासरा जाळीवर हात ठेवून उभा होता, आणि त्याच्या मनगटाशी ती लाल खूण स्पष्ट दिसत होती. तीन वाजता तिला आत बोलावले.

साहेबांनी कागद पाहिला. अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही.

"खूण हलली तेव्हाच मापबिंदूची पातळी पुन्हा काढायला हवी होती," ते म्हणाले. आवाजात खरी खंत होती, जशी दुसऱ्याच्या घरच्या आजाराबद्दल असते.

"मग काढा ना, साहेब."

"पातळी काढणारा माणूस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. जागा भरलेली नाही."

"वजाबाकी मी केलीय. बहात्तर. दगड अजून तसेच आहेत, कुणीही येऊन मोजावं."

"तुमची वजाबाकी बरोबर आहे, बाई. पण ती तुमची आहे." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला, त्याची घडी तिने घातली होती तशीच नीट घालून. "अहवाल वर गेलाय. समितीनं ठराव करून मागणी केली तर दुरुस्तीचा विचार होतो. समिती ठराव करणार आहे का?"

तिने घडी केलेला कागद उचलला.

"मग असं करा. पुढच्या वाचनापासून थोडं थोडं जुळवून घ्या. दर वेळी दहा-पंधरा. पाच-सहा वाचनांत सगळं जागेवर येईल. कुणाला टोचणार नाही."

शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर न करता म्हणाला, "पाणी वाढल्याचं एवढं दुःख झालेलं माणूस पहिल्यांदाच बघतोय."

साहेब हसले नाहीत. ते सुसंस्कृत होते. त्यांनी तिला शेवटची बस कितीची आहे ते सांगितले.

त्यानंतरच्या आठवड्यात बोअरची गाडी आली. पहिला बोअर चुलत दिराच्या रानात, गवंड्याच्या विहिरीपासून चाळीस पावलांवर. नियमाने दोनशे पावले सोडायला हवी होती. पण तो नियम लाल यादीतल्या गावांसाठी होता, जिथे बोअरच बंद होते. गाडी दोन दिवस धडधडत राहिली. घरातली भांडी फळीवर सरकत पुढे येत, आणि सून दर तासाला ती मागे ढकलत असे. कातळाचे पांढरे पीठ जाळीतून गळून रोपांवर बसले. तिने आणि नवऱ्याने मिळून प्रत्येक ट्रेवर झारीने पाणी धरून पाने धुतली. धुतलेली पाने तासाभरात पुन्हा पांढरी होत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलत दीर स्वतः आला. तोंडावर भुकटी, फक्त डोळे आणि दात तेवढे त्याचे.

"वहिनी, राग मानू नका. तीन वर्षं तुमची रोपं हिरवी बघत बसलो. माझ्या रानात कुसळ नव्हतं."

"राग नाही, भावजी. पण पाणी नाहीये हो खाली. आकडा चुकलाय."

"ऐकलं मी." त्याने डोक्यावरची भुकटी झटकली. "तुमचा आकडा बरोबर असेल तर पाणी थोडंच आहे. मग थोडं असतानाच घ्यायला हवं की नाही? माझ्या आधी दुसरा कुणी घेईल."

यात काही तर्कदोष नव्हता. गावातल्या प्रत्येक शहाण्या माणसाने हाच तर्क स्वतंत्रपणे मांडला, आणि पाऊस सुरू होईपर्यंत अकरा बोअर पडले. तलावाच्या गाळाची पाळी कुणी बंद केली नाही. ती फक्त कुणाला आठवेनाशी झाली.

पावसाच्या पहिल्या उघडिपीत गवंड्याने गोठ्यामागचे दगड हलवायला घेतले. एकेक दगड मणभराचा. त्याला उचलवत नव्हता, म्हणून तो फळी टाकून, सब्बलीने कलंडवत, वीत-वीत पुढे नेत होता. सून धावत आली.

"मामंजी, काय चाललंय हे?"

"दोन थर परत चढवतो. खूण होती तिथं नेतो."

"त्यानं बोअर बुजणार आहेत का?"

"नाही." तो दगडावर टेकला. श्वास आवाज करत होता. "ते त्यांनी पाडले, ते त्यांचं. खूण माझी आहे. ती खोटी बोलतेय आणि मी जेवतोय, हे मला जमेना."

सुनेने वाळू चाळली, घमेल्यात सिमेंट कालवले. म्हाताऱ्याला उभ्याने वाकता येत नव्हते आणि गुडघ्यांवर बसवत नव्हते. शेवटी तो रिकामी गोणी अंथरून, एका मांडीवर कलंडून काम करू लागला, आणि दर थोड्या वेळाने सून त्याला काखेत हात घालून पुढच्या दगडापाशी सरकवी. पहिल्या दिवशी पाच दगड बसले. दुसऱ्या दिवशी चार, आणि त्यातला एक त्याने संध्याकाळी उखडला, कारण बोट फिरवल्यावर तो केसभर बाहेर आला होता. नवरा दोन्ही दिवस रोपांच्या जाळीखाली पाठ फिरवून बसला होता. कठड्यापर्यंत जाणाऱ्या वाटेने तो झारी घेऊन जाई आणि काही न पाहता परत येई.

"कुणासाठी करताय?" त्याने जेवताना विचारले.

"जेव," म्हातारा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठा कोपऱ्याचा दगड फळीवरून घसरला आणि म्हाताऱ्याच्या हाताची दोन नखे ठेचली. आवाज न करता त्याने हात ओल्या सिमेंटमधून काढून पाण्यात बुडवला. तेव्हा नवरा उठून आला. त्याने दगड पोटाशी धरून उचलला आणि बापाने बोटाने दाखवला तिथे ठेवला. मग उरलेले सगळे त्याने उचलले. चौथ्या दिवशी जाळी बसली. डोळ्यांना दिसत नसल्याने म्हाताऱ्याने पाणसळीचा बुडबुडा सुनेला वाचायला लावला, आणि डाव्या हाताने लाल रेघ ओढली.

पाचव्या दिवशी समितीची नोटीस आली: शासकीय निरीक्षण विहिरीत विनापरवाना फेरफार. सभागृहात पुन्हा तेच लोक. पाइपवाला फार सौम्यपणे बोलला. मिस्त्रींचे वय, मिस्त्रींचे कष्ट, आणि गावाची बदनामी. मागून कुणीतरी म्हणाले, "पाणी वाढलेलं म्हाताऱ्याला पचलं नाही, विहीरच उंच केली." लोक हसले. त्या हसण्यात तशी दुष्टाई नव्हती. गवंड्याने चूक कबूल करावी एवढेच ठरले.

तो उभा राहिला. ठेचलेल्या बोटांना सुनेने फडके बांधले होते.

"चूक झाली," तो म्हणाला.

कुठली, ते कुणी विचारले नाही.

पावसाळा बरा गेला. पावसाळ्यानंतरच्या वाचनाला पाइपवाला आला नाही. कार्यालयाचा शिपाई तेवढा आला आणि जाळीला टेकून सुपारी कातरत बसला. सुनेने खडू फासला. आदल्या पावसाळ्यानंतर याच उंचीच्या खुणेपासून पाणी सात ऐंशीवर होते. या वेळी दहा पंचवीस आले. तिने तीन वेळा फीत सोडली. काहीही जुळवून घेतले नाही. दहा पंचवीस लिहून तिने सही केली.

उत्तर सहा आठवड्यांनी आले. म्हाताऱ्याला अक्षरे दिसत नव्हती म्हणून तिने ओसरीत बसून ते वाचून दाखवले. सदर विहिरीच्या मापबिंदूमध्ये बदल केल्याचे आढळून आल्याने प्राप्त वाचन अग्राह्य ठरविण्यात येत आहे. सदर विहीर निरीक्षण यादीतून वगळण्यात येत आहे. गावाचे वर्गीकरण, अन्य विश्वसनीय माहिती उपलब्ध नसल्याने, पूर्ववत हिरवे राहील.

"मधलं पुन्हा वाच," म्हातारा म्हणाला.

"मापबिंदूमध्ये बदल केल्याचे आढळून आल्याने."

"कुठला बदल?"

"दुसरा. आपण चढवला तो."

"आणि पहिला?"

तिने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "पहिल्याबद्दल काही नाही, मामंजी."

त्याने मान हलवली. एखाद्या नवख्या गवंड्याच्या हातची भिंत दाखवायला नेल्यावर तो जशी हलवी, तशी. दुसऱ्या दिवशी शिपाई फीत न्यायला आला. त्याने ती पूर्ण उलगडून तपासली, गुंडाळली, आणि तिच्याकडून पोच लिहून घेतली. खडूचे चार तुकडे उरले होते, तेही मोजून घेतले.

उन्हाळा लवकर लागला. दोनदा नवऱ्याने फूटव्हॉल्व्ह आणखी खाली सोडला. तिसऱ्यांदा जोडायला पाइप होता, सोडायला विहीर नव्हती. तळाशी खडकाच्या खाचेत घागरभर पाणी साचे, तेवढेच. पंप हवा ओढून कर्कश ओरडू लागला तेव्हा त्याने बटण बंद केले आणि जाळीखाली जाऊन उभा राहिला. दुपारचा एक वाजला होता. मिरचीच्या रोपांनी मान टाकायला सुरुवात केली होती. वांग्याची अजून तग धरून होती. ती कुठून कुठवर झुकलीत ते त्याने दोन फेऱ्या मारून पाहिले, मग चपला घातल्या आणि चाळीस पावले चालून चुलत भावाच्या रानात गेला.

सून दुरून पाहत होती. दोघे बोलताना दिसले, ऐकू आले नाहीत. नवरा हात कमरेमागे बांधून उभा होता. तो असा कधी उभा राहत नसे. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पाइपाचे वेटोळे होते.

"काय म्हणाला?"

"चांगलं बोलला. दुपारी अर्धा तास देतो म्हणाला, रोज. स्वतःचं पीक भिजवून झाल्यावर." त्याने पाइपाचे टोक ड्रमात टाकले. "काकांना सांग म्हणाला, मनात काही ठेवू नका."

पलीकडे मोटर सुरू झाली. पाइप फुगला, थरथरला आणि पाणी आले. सून झारी घेऊन धावली. पहिली झारी भरून ती मिरचीच्या ट्रेकडे वळणार, तेवढ्यात तिने सवयीने बोटे पाण्यात घातली आणि थांबली.

"कोमट आहे," ती म्हणाली.

नवऱ्याने हात घातला. म्हाताराही ओसरीतून उठून, भिंत धरत आला आणि ड्रमात हात घालून उभा राहिला. इतक्या खोलचे पाणी त्याने आयुष्यात कधी हाताळले नव्हते. त्या खोलीला ऊन माहीत नव्हते, पाऊस माहीत नव्हता, आणि पाणी तापलेल्या अंगासारखे कोमट होते.

"घातलं तर?" नवऱ्याने विचारले.

"मुळं शिजतील. निवायला हवं आधी."

"किती वेळ?"

"तासभर तरी."

त्याने जाळीखाली पाहिले. वांग्याचा एक कोपराही आता झुकू लागला होता. घरात जेवढी म्हणून भांडी होती, घमेल्यांसकट, तेवढी तिने बाहेर आणली आणि सावलीत ओळीने मांडली. नवरा ती भरत गेला. उथळ भांड्यांतले आधी निवेल म्हणून म्हातारा जमिनीवर बसून, ठेचून वाकड्या झालेल्या बोटांनी, परातीतले पाणी ढवळू लागला. अर्ध्या तासाने पलीकडची मोटर बंद झाली आणि पाइप चपटा होऊन मातीत पडला. भांडी सगळी भरली होती. तिघेही त्यांच्याभोवती बसले आणि पाणी निवले का ते आळीपाळीने हात बुडवून पाहत राहिले.